दगडाच्या गाठीत दडलेले जीवाश्म ओळखायचे कसे?

उद्यमनगरकर

नमस्कार. माझी मुलगी अमेरिकेत इलिनॉय राज्यात राहते. मागच्या उन्हाळ्यात आम्ही उभयता तिच्याकडे होतो, तेव्हा जावयांनी रीतसर परवाना काढून आम्हाला ब्रेडवुड गावाजवळच्या जुन्या कोळसा खाणींच्या परिसरात नेले. खाणीतून उपसून टाकलेल्या मातीचे ढीग तिथे आहेत. त्या मातीतून तांबूस तपकिरी, चपटे, लांबट गोटे वर येतात आणि त्यांतल्या काहींच्या पोटात जीवाश्म असतात, असे त्यांनी सांगितले. मी एकोणीस गोटे वेचले आणि ते सामानात घालून कोल्हापूरला आणले.

मी आयुष्यभर फाउंड्रीत पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने करणारा कारागीर, म्हणून काम केले. भूगर्भशास्त्राचा माझा अभ्यास शून्य आहे, हे आधीच कबूल करतो. घरी आल्यावर उत्साहाच्या भरात पहिला गोटा मागच्या कट्ट्यावर ठेवून हातोड्याने फोडला. त्याचे चार तुकडे झाले. सर्वांत मोठ्या तुकड्यावर नेच्याच्या पानासारखी सुरेख आकृती निघाली. बाकीच्या तुकड्यांवर नुसते खळगे दिसले, म्हणून ते टाकून दिले. दुसऱ्या गोट्यात काहीही नव्हते. तिसऱ्यात अंडाकृती डाग आहे, त्याला ना कडा आहे ना कसली नक्षी.

आता दुसरी गोष्ट. मला गोट्यांचा नाद लागल्याचे पाहून पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका खाणीतल्या ओळखीच्या माणसाने मला लिंबाएवढा एक गोल दगड आणि एक चपटी कपची आणून दिली. गोल दगड फोडला, तर आत पांढरे आणि किंचित गुलाबी स्फटिक निघाले. कपचीवर काळ्या शाईने काढावे तसे बारीक फांद्यांचे झाड उमटलेले आहे. सर्वांचे फोटो जोडले आहेत. यांतले जीवाश्म कोणते आणि उरलेले सोळा गोटे कसे उघडावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जांभापठार

उद्यमनगरकर, आपण दोन देशांचे दगड एकाच टेबलावर मांडले आहेत, ते आधी वेगळे करावे लागतील. जीवाश्म ओळखताना आत काय दिसते, हा प्रश्न दुसरा येतो. दगड कोणत्या थरातून आला, हा पहिला. पहिल्याचे उत्तर हाती असेल, तर दुसऱ्याच्या निम्म्या शक्यता आपोआप गळून पडतात.

आपल्या कोल्हापूर परिसराचा पाया म्हणजे लाव्हारसापासून झालेला काळा पाषाण. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, आणि आज पन्हाळा, जोतिबा, मसाई पठार या सर्वांच्या अंगात तोच दगड आहे. पश्चिमेकडच्या पठारांच्या डोक्यावर जांभा दिसतो, तोही याच दगडाच्या कुजण्यातून तयार झालेला आहे. हजार अंशांहून अधिक तापलेल्या रसात पान किंवा किडा शिल्लक राहण्याचा प्रश्नच नसतो. त्या रसात वायूचे बुडबुडे मात्र असतात. रस थिजला की ते पोकळ्यांच्या रूपाने अडकून राहतात, आणि पुढे दगडातून झिरपणारे खनिजयुक्त पाणी त्या पोकळ्यांच्या भिंतींवर गारगोटी, कॅल्साइट, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट अशी खनिजे चढवत जाते. आपल्या लिंबाएवढ्या दगडात निघालेले स्फटिक हे असे आहेत. गुलाबी छटा आणि मोत्यासारखी चमक पाहता ते स्टिल्बाइट किंवा ह्यूलँडाइट असावे. वस्तू देखणी आहे, जपून ठेवा, पण तिचा जीवसृष्टीशी काही संबंध नाही.

इलिनॉयच्या गोट्याची घडण याच्या नेमकी उलटी आहे. आपला स्फटिकांचा दगड बाहेरून आत भरत गेला. तो गोटा आतून बाहेर वाढला. सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वी तिथे नद्यांचा त्रिभुज प्रदेश होता. गाळात एखादे पान किंवा कोळंबीसारखा प्राणी झटकन गाडला जाई आणि कुजू लागे. त्या कुजण्यातून कार्बन डायऑक्साइड सुटे, आणि चिखलातल्या पाण्यात लोह भरपूर व सल्फेट कमी असल्यामुळे त्या मृत वस्तूभोवती सिडेराइट, म्हणजे लोहाचे कार्बोनेट, साचू लागे. वर गाळाचे ओझे चढून चिखल दाबला जाण्याआधीच गाठ घट्ट झालेली असे. म्हणून बाजूच्या शेलमधली, म्हणजे चिखल दाबून झालेल्या पापुद्र्यांच्या खडकातली, पाने कागदासारखी चपटी होतात आणि गाठीतल्या पानाला मात्र थोडी जाडी उरते. थोडक्यात, गाठ तयार होण्याचे कारणच पुष्कळदा आतला जीव असतो. तरीही अनेक गाठी रिकाम्या निघतात, कारण जीव पूर्ण विरघळून गेलेला असतो किंवा गाठ वेगळ्याच कशाभोवती धरलेली असते. तेव्हा दुसऱ्या गोट्याबद्दल वाईट वाटून घेऊ नये.

आता कपचीवरचे झाड. नवशिक्यांना सर्वांत जास्त फसवणारी चीज हीच. दगडाच्या भेगेत शिरलेल्या पाण्याने मँगनीजची ऑक्साइडे अशी फांद्याफांद्यांनी मांडून ठेवलेली असतात. त्याला डेंड्राइट म्हणतात. ओळखण्याची खूण अशी की खऱ्या पानाला मधली शीर असते, पाने ठरावीक अंतराने येतात आणि पानाला कुठेतरी स्पष्ट कड असते. डेंड्राइटच्या फांद्या भेगेच्या कडेपासून सुरू होतात, वाटेल तशा फुटत जातात, त्यांना शिरा नसतात आणि जाडी तर मुळीच नसते. भिंगाखाली पाहिले की शाईचा ओघळ पाहत आहोत असे वाटते. आपण स्वतःच लिहिले आहे, ‘काळ्या शाईने काढावे तसे’. उत्तर त्या वाक्यातच होते.

शेणगावकर

चर्चा वाचून धीर आला म्हणून विचारतो. आमच्या विहिरीचे काम चालू असताना पंधरा-वीस फुटांवर मुरमात फुटबॉलएवढे गोल दगड निघाले. वरून कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि आत काळा कठीण गाभा आहे. गावात सर्वांनी डायनोसॉरची अंडी म्हणून फोटो फिरवले. एका वाहिनीवाल्याने फोनही केला होता.

जांभापठार

शेणगावकर, वाहिनीवाल्याला परत फोन करू नका. काळ्या पाषाणाला उभ्या-आडव्या भेगा असतात. भेगांतून पाणी मुरते, ठोकळ्याचे कोपरे तिन्ही बाजूंनी कुजतात, आणि चौकोनी ठोकळ्याचा हळूहळू गोळा होतो. पापुद्रे हे कुजण्याचे थर आहेत. आपल्याकडे रस्त्यासाठी डोंगर कापला की प्रत्येक कापात असे गोळे दिसतात.

खरी अंडी आपल्या देशात सापडली आहेत, पण ती लाव्हाच्या खालच्या, लॅमेटा नावाच्या गाळाच्या थरांत. गुजरातमधले बालासिनोरजवळचे रैयोली त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या अंड्यांना मोजकेच मिलिमीटर जाडीचे खरे कवच असते, त्याच्या पृष्ठभागावर बारीक पुटकुळ्या दिसतात आणि तुटलेल्या कडेवर कवच व आतला गाळ यांच्यातली रेघ स्पष्ट कळते. कांद्याचे दहा पापुद्रे असलेले अंडे कोणत्याही प्राण्याने घातलेले नाही.

इलिनॉयवासी

मी मूळचा इचलकरंजीचा, सध्या शिकागोजवळ असतो आणि गेली काही वर्षे याच गोट्यांच्या मागे आहे. उद्यमनगरकर काका, हातोडा आता माळ्यावर ठेवून द्या. या गाठीत पान किंवा प्राणी ज्या पातळीत पडलेला असतो, तीच तिची सर्वांत कच्ची पातळी. घाव बसला की भेग घावाच्या दिशेने जाते, त्या पातळीची वाट पाहत थांबत नाही.

इथे सर्वजण पाणी आणि थंडी यांच्याकडून काम करून घेतात. गोटे आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवावेत, म्हणजे बारीक फटींत पाणी शिरते. मग ते प्लास्टिकच्या डब्यात, बुडतील एवढ्या पाण्यासह, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावेत. काचेची बरणी वापरू नये, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि बरणी आधी फुटते. सकाळी बाहेर काढून पूर्ण वितळू द्यावे आणि पुन्हा तेच करावे. काही गोटे पाचव्या फेरीला उघडतात, काही तिसाव्यालाही उघडत नाहीत. कडेने केसासारखी रेघ धरलेली दिसली की गोटा उभा धरून त्या रेघेवर लहान हातोडीने अगदी हलके टिचकी मारल्यासारखे करावे. डबी उघडावी तसे दोन भाग वेगळे होतात.

दोन्ही भाग जपायचे असतात. एकावर उठाव असतो, दुसऱ्यावर त्याचाच खळगा, आणि तपशील कधी याच्यावर जास्त असतो, तर कधी त्याच्यावर. आपण फेकलेले तुकडे हे त्या पानाचे अर्धे अंग होते, हे सांगताना मलाही वाईट वाटते.

पानाच्या फोटोवरून नाव सांगायचे तर पाकळ्या मुख्य दांड्याला कशा चिकटल्या आहेत, तेवढे एक पाहावे. पाकळी पूर्ण रुंदीने दांड्याला चिकटलेली आणि कंगव्याच्या दातांसारखी असेल, तर पेकोप्टेरिस. तळ दांड्यावरून खाली उतरत जाऊन पुढच्या पाकळीला मिळत असेल, तर अलेथोप्टेरिस. तळ आवळलेला, बदामाच्या पानासारखा गोलसर आणि एकाच बिंदूत जोडलेला असेल, तर न्यूरोप्टेरिस. आपल्या फोटोत दांडा तुकड्याच्या कडेला येऊन तुटला आहे आणि पाकळ्यांचे तळ दिसत नाहीत. पाकळ्या समांतर व जवळजवळ आहेत, त्यामुळे माझा अंदाज पेकोप्टेरिसचा. पण हा अंदाजच समजावा. शिरा दिसल्या असत्या तर जास्त ठामपणे सांगता आले असते. त्या एवढ्या पुसट कशा?

उद्यमनगरकर

सविस्तर उत्तरांबद्दल मनापासून आभार. शिरा पुसट असण्याचे कारण मीच आहे. पानावर पांढरी भुकटी होती, ती धूळ समजून मी टूथब्रशने खरवडून धुतली. थोडी अजून एका कोपऱ्यात उरली आहे.

जांभापठार यांचे लेखन वाचताना मला माझी भाषा सापडली, ती इथे मांडतो. चुकत असेल तर सुधारावी. साच्यात धातू ओतताना वायू अडकला की कास्टिंगमध्ये पोकळी राहते, तिला आम्ही ब्लो होल म्हणतो. त्यापायी माल रिजेक्ट होतो. पन्हाळ्याच्या वाटेवरचा तो दगड म्हणजे निसर्गाच्या कास्टिंगमधला ब्लो होल, जो पुढे खनिजांनी भरून निघाला. इलिनॉयचा गोटा म्हणजे वाळूचा साचा. आम्ही लाकडी पॅटर्न खालच्या पेटीत ठेवून वाळू ठासतो, वरची पेटी बसवून पुन्हा ठासतो, मग पेट्या उघडून पॅटर्न काढून घेतो. इथे पान हाच पॅटर्न आणि चिखल हीच वाळू. फरक एवढाच की पॅटर्न कोणी काढून घेतला नाही, तो आतल्या आत कुजून गेला. दोन पेट्यांच्या सांध्याला आम्ही पार्टिंग लाइन म्हणतो. गोटा जिथे उघडतो ती हीच रेघ. चाळीस वर्षे ज्या रेघेवर पेट्या उघडल्या, ती सोडून मी आडवा हातोडा घातला, याची लाज वाटते.

जांभापठार

उपमा इतकी चपखल आहे की मी ती उद्यापासून वर्गात वापरणार आहे. एकच भर घालतो. ती पांढरी भुकटी धूळ नव्हती. पान कुजून झालेल्या फटीत नंतर केओलिनाइट ही पांढरी माती बसते, आणि पुष्कळदा शिरांचा सगळा तपशील त्या मातीवरच उमटलेला असतो. आपल्या भाषेत सांगायचे तर साच्यात शेवटी जे ओतले गेले, ते आपण घासून काढलेत. कोपऱ्यात जे उरले आहे, त्याला आता हात लावू नका.

चकचकीत

मी अनेक वर्षे दगड गोळा करतो. टाइल्स साफ करण्याचे ॲसिड पातळ करून त्यात दगड दहा मिनिटे बुडवावा, सर्व घाण निघते. नंतर लाकडाला लावतात ते पॉलिश दोन हात मारले की पान उठून दिसते. माझ्या शोकेसमधले सर्व नमुने असेच आहेत, पाहुणे बघत राहतात.

इलिनॉयवासी

चकचकीत, आपल्या आवडीचा आदर राखून सांगतो की नवशिक्याने यांतले एकही करू नये. ॲसिडला घाण आणि जीवाश्म यांतला भेद कळत नाही. गाठीतला कॅल्साइट ते पटकन खाते, सिडेराइटला सावकाश खाते, आणि फटींत मुरलेले ॲसिड पुढच्या पावसाळ्यात पिवळे डाग होऊन बाहेर येते. पॉलिशचे सांगायचे तर ते काही वर्षांनी पिवळे पडते आणि त्याखाली शिरा कायमच्या बुजतात. तुटका तुकडा जोडायचाच असेल, तर संग्रहालयांत पॅरालॉइड बी-७२ हे ॲसिटोनमध्ये विरघळणारे द्रव्य वापरतात, कारण चूक झाली तर ते परत काढता येते. जे परत काढता येत नाही, ते नमुन्यावर लावू नये.

चकचकीत

ज्याची त्याची आवड. माझे नमुने मी विकायला काढलेले नाहीत.

ओसरी

मी या विषयातली नाही, पण घरातल्या एका वस्तूबद्दल विचारायचे आहे. आमच्या देवघरात आजेसासूबाईंच्या वेळचा शाळिग्राम आहे. काळाभोर, गुळगुळीत, सुपारीहून थोडा मोठा. त्याला एका बाजूला छिद्र आहे आणि छिद्रातून आत चक्र दिसते. वज्रकीटाने ते कोरले असे सासूबाई सांगत. दर वर्षी तुळशीच्या लग्नात त्याला मान असतो. वरचे वर्णन वाचून मला वाटले की हीसुद्धा आतून बाहेर वाढलेली गाठच नसेल ना? फोडून पाहण्याचा प्रश्नच नाही, हे आधीच सांगते.

जांभापठार

ओसरीताई, या धाग्यातला सर्वांत नेमका प्रश्न आपण विचारला आहे. होय, ती तशीच गाठ आहे. शाळिग्राम नेपाळमधल्या काली गंडकीच्या पात्रात, मुक्तिनाथ आणि दामोदर कुंडाच्या बाजूला मिळतात. तिथल्या डोंगरांत जुरासिक काळातला काळा शेल आहे. त्याच प्रकारचा शेल आपल्या हिमाचलातल्या स्पितीमध्ये आहे आणि त्याला स्पिती शेल म्हणतात. आज जिथे हिमालय उभा आहे, तिथे तेव्हा टेथिस समुद्र होता. त्याच्या तळाच्या चिखलात अमोनाइट नावाच्या शंखधारी प्राण्यांभोवती गाठी धरल्या. आजच्या माकूळ आणि नळ या प्राण्यांचे ते दूरचे भाऊबंद. हिमालय वर आला, नदीने शेल कापला, कठीण गाठी पात्रात घरंगळत गुळगुळीत झाल्या, आणि कुठे गाठीला खिंडार पडले तिथून आतल्या शंखाचे वेटोळे दिसू लागले. आपण ज्याला चक्र म्हणता ते हे.

फोडण्याची गरज खरोखरच नाही, कारण खिडकी आधीच उघडी आहे. मोबाइलचा टॉर्च छिद्रावर सरळ न धरता आडवा धरून पाहा. वेटोळ्यावर आरीसारखे आडवे कंगोरे दिसले तर ते शंखाच्या बाहेरच्या बाजूचे. कंगोऱ्यांऐवजी वेलबुट्टीसारखी नागमोडी रेघ दिसली, तर ती शंखातल्या कप्प्यांच्या पडद्यांची, आणि त्या रेघेवरूनच अभ्यासक अमोनाइटचे प्रकार ठरवतात. काही शाळिग्रामांत चक्राला सोनेरी झाक असते, तो पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचे खनिज. आपल्या दमट पावसाळ्यात पायराइटवर पांढरी-पिवळी भुकटी धरू लागते आणि दगड भेगाळतो, म्हणून अभिषेकानंतर तो पुसून पूर्ण कोरडा करून ठेवावा.

ओसरी

आडव्या प्रकाशात पाहिले. कंगोरे आहेत, मोजून एकवीस दिसले, पुढचे आत वळतात. सासूबाई असत्या तर त्यांना दाखवले असते. वज्रकीटाची गोष्ट मी नातीला सांगतच राहणार आहे, त्यासोबत ही समुद्राचीही सांगेन.

शेणगावकर

मग आपल्या जिल्ह्यात जीवाश्म मिळण्याची काहीच आशा नाही का?

जांभापठार

आशा थोडी आहे, पण जागा ओळखावी लागते. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कधी कधी मोठा खंड पडे, तेव्हा तळी साचत आणि त्यांत गाळ बसे. नागपूरजवळच्या अशा गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगाई, बिया, लाकूड असे पुष्कळ काही मिळाले आहे. मुंबईत वरळीच्या अशाच थरात बेडकांचे सांगाडे सापडले, आणि त्यांचे पहिले वर्णन १८४७ साली झाले. आपल्या भागात काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये पांढुरका किंवा राखाडी, पापुद्र्यांचा, नखाने ओरखडा उठेल असा गाळ दिसला, तर तिथे थांबून पाहावे. भाजलेल्या विटेसारखा तांबडा थर मात्र जुन्या मातीचा असतो, त्यात सहसा काही मिळत नाही.

जिल्ह्याच्या दक्षिणेला लाव्हाच्या खालचे कलादगी गटाचे फार जुने वालुकाश्म उघडे पडलेले आहेत. ते इतके जुने की तेव्हा पाने आणि हाडे ही गोष्टच पृथ्वीवर नव्हती. त्याच गटाच्या बागलकोटकडच्या चुनखडकांत सूक्ष्मजीवांनी रचलेले घुमटाकार थर, म्हणजे स्ट्रोमॅटोलाइट, दिसतात.

आणि खरी, आतून बाहेर वाढलेली गाठ आपल्या शेतातच आहे. काळ्या जमिनीत नांगराला लागणारे चुनखडीचे वेडेवाकडे पांढरे खडे पाहा. लिंबू पिळले की फसफसतात. ते पाण्यातला चुना साचून जमिनीतच तयार होतात आणि क्वचित एखाद्यात गोगलगाईचा शंख अडकलेला मिळतो. वय फार नाही, भूगर्भशास्त्राच्या हिशेबात तर कालचेच. पण सरावासाठी याहून स्वस्त नमुना मिळणार नाही.

इलिनॉयवासी

सरावाचा विषय निघाला म्हणून काकांसाठी आणखी थोडे. पुढच्या गोट्यांत काय निघू शकते याची कल्पना असली, तर डोळा लवकर बसतो. चांदणीसारखी किंवा फुलासारखी, एका बिंदूभोवती मांडलेली अरुंद पाने दिसली तर ती ॲन्युलेरिया. ज्या झाडाची ती पाने, त्याचे खोड कॅलामाइटिस. उभ्या रेघा आणि ठरावीक अंतरावर पेरे, त्यामुळे कोल्हापूरच्या माणसाला ते पाहताच उसाचे कांडे आठवेल, मात्र त्याचे नाते उसाशी नसून एक्विसिटम या आजच्या वनस्पतीशी आहे. सापाच्या खवल्यांसारखी चौकटींची नक्षी म्हणजे लेपिडोडेन्ड्रॉन या प्राचीन झाडाची साल. दोन शिंपा फुलपाखरासारख्या उघड्या पडलेल्या असतील, तर बहुधा मॅझोनोमाया.

तिसऱ्या गोट्यातला बिनकडेचा डाग मला ओळखीचा वाटतो. इथे त्याला सर्वजण ‘ब्लॉब’ म्हणतात आणि शास्त्रीय नाव एसेक्सेला. तो इतका मिळतो की पुष्कळ लोक तिथेच टाकून येतात. वर्षानुवर्षे त्याला जेलीफिश मानत होते. २०२३ साली अभ्यासकांनी असे मांडले की ते समुद्रफूल, म्हणजे तळाला चिकटून राहणारा सी ॲनिमोन हा प्राणी, आहे आणि आजवर आपण ते उलटे धरून पाहत होतो. म्हणजे हजारो लोकांनी हाताळलेली वस्तूही इतकी वर्षे उलटी वाचली गेली, तेव्हा आपण नवशिक्यांनी लेबलवर नावापुढे प्रश्नचिन्ह टाकायला लाजू नये. याच परिसरात १९५५ साली फ्रान्सिस टली नावाच्या हौशी संग्राहकाला एक विचित्र प्राणी मिळाला. तो आज इलिनॉयचा राज्य-जीवाश्म आहे, आणि त्याला पाठीचा कणा होता की नव्हता यावर अजून वाद चालू आहे.

एसेक्सेला निघाला याचा अर्थ तो गोटा खाऱ्या पाण्याच्या बाजूचा. पाने गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या, दोन्ही बाजूंना मिळतात, कारण ती वाहून समुद्रात जातात. म्हणून गोटा कोणत्या ढिगावरचा, हे वेचतानाच लिहून ठेवावे लागते.

उद्यमनगरकर

सुमारे दोन महिन्यांनी लिहितो आहे. गुजरीतून सराफांचे दहापट भिंग आणले. फ्रीजरचा खालचा कप्पा सौभाग्यवतींनी एका अटीवर दिला, की डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘दगड’ असे लिहायचे. पाव्हण्यांनी एकदा बर्फाचा डबा समजून तो उघडला होता.

सोळापैकी सात गोटे आजवर उघडले. क्रमांक ४, ६ आणि ९ रिकामे. क्रमांक ११ चौदाव्या फेरीला उघडला, त्यात तोच ब्लॉब आहे, पण या वेळी मी तो उलटा धरूनही पाहिला. क्रमांक ७ मध्ये एक शिंपला आहे, दोन्ही पाखे उघडी. क्रमांक १२ मध्ये चांदणीची तीन पाने आणि चौथीची निम्मी. क्रमांक १५ मध्ये कोळंबीसारखे काहीतरी वळलेले आहे. त्याचा फोटो एक रुपयाचे नाणे शेजारी ठेवून जोडला आहे. उरलेले नऊ अजून पाण्यात आहेत.

पण मुख्य सांगायचे ते पहिल्या गोट्याबद्दल. मी फेकलेले तुकडे कुठे गेले असतील, असे घरात विचारले, तेव्हा कळले की ते सौभाग्यवतींनी मोगऱ्याच्या कुंडीच्या तळाला, पाणी निथळावे म्हणून घातले होते. कुंडी रिकामी केली. तीनपैकी दोन तुकडे मिळाले, तिसरा सापडला नाही. कोमट पाण्यात नुसते बुडवून माती सुटू दिली, ब्रश लावला नाही. मोठ्या तुकड्याला जोडून पाहिले, तर एक तुकडा कडेला तंतोतंत बसला, आणि जो दांडा माझ्याकडे तुटलेला होता, तो त्याच्यावर बोटभर पुढे गेलेला आहे.

भिंगाखाली आडव्या प्रकाशात पाच पाकळ्यांचे तळ दिसतात. पाचही आवळलेले आहेत आणि प्रत्येक पाकळी एकाच बारीक बिंदूत दांड्याला टेकलेली आहे. पांढरी भुकटी या तुकड्यावर शाबूत आहे. तीवर मधली शीर पाकळीच्या टोकापर्यंत न जाता अर्ध्याच्या थोडे पुढे विरते आणि बाजूच्या शिरा कमानीसारख्या वळून दोनदा-तीनदा फुटतात. कंगवा मला कुठेच दिसत नाही.

इलिनॉयवासी

काका, माझा अंदाज चुकला. तो न्यूरोप्टेरिस आहे. तळ आणि शिरा दोन्ही तेच सांगतात. आणि तो खरे तर नेचाही नव्हे, नेच्यासारखी पाने असलेली पण बी धरणारी वनस्पती होती. क्रमांक १५ ची कोळंबी मला फोटोवरून ठरवता येत नाही. तिचा दुसरा अर्धा भाग जोडून फोटो द्याल का?

जांभापठार

दोन तुकडे सध्या चिकटवू नका. एका डबीत कापसावर शेजारी शेजारी ठेवा आणि नमुन्याच्या मागच्या बाजूला नेलपॉलिशचा एक थेंब देऊन त्यावर काळ्या शाईने एकच क्रमांक घाला, म्हणजे पुन्हा कोणी त्यांची ताटातूट करणार नाही.

उद्यमनगरकर

क्रमांक घातले. चिठ्ठीवर असे लिहिले आहे: ‘१ अ, १ ब, १ क. न्यूरोप्टेरिस. ब्रेडवुडजवळ, इलिनॉय. ढीग कोणता ते नोंदवलेले नाही. १ अ हातोड्याने फुटलेला व ब्रशने घासलेला. १ ब व १ क मोगऱ्याच्या कुंडीतून. १ ड हरवला.’ क्रमांक १५ चे दोन्ही भाग उद्या सकाळच्या उन्हात ठेवून फोटो काढतो.